निरगाठ, सुरगाठ

टॅटिंगची, म्हणजे धोट्याने गाठी घालत करायच्या लेसची, पहिली रिंग मिटायला मला सतरा दिवस लागले. गाठी दिसायला नेटक्या होत्या. पाच गाठी, एक पिको, पुन्हा पाच. पण शेवटी धोट्याचा दोरा ओढला की तो जागचा हलायचा नाही आणि रिंग उघडीच राहायची. बाईंनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "गाठ तुझ्या कामाच्या दोऱ्यावर बसलीय. ती पलीकडच्या दोऱ्यावर जायला हवी."

बाई इंदापूरच्या. शाळेत शिवण शिकवायच्या, आता ऐंशी ओलांडलीय. मी बारामतीला मुलाकडे राहते. गुरुवारी सकाळची एसटी पकडायची आणि काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी करत पन्नासेक किलोमीटरवरच्या इंदापुरात उतरायचं. याच गावात मी एकतीस वर्षं संसार केला आणि शाळेत मराठी शिकवलं. ते गेल्यावर घराला कुलूप लागलं. मला हाताला काहीतरी काम हवं होतं. जपाला बसले की मणी पुढे सरकायचे आणि मन मात्र एकाच रात्रीपाशी थांबायचं. गाठी मोजताना तसं होत नाही. मोज चुकली की नक्षी लगेच सांगते.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मला जे विचारायचं आहे ते याच हालचालीत आहे. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा घ्यायचा आणि तो अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरायचा. उजव्या हातात धोटा. हातमागावरचा धोटा चांगला वीतभर असतो, हा बोटाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. जर्मन भाषेत या कामाला छोट्या होडीचं काम म्हणतात ते त्या आकारावरून. धोटा फेऱ्याच्या खालून नेऊन वरून परत आणला की अर्धी गाठ पडते, वरून नेऊन खालून आणला की दुसरी अर्धी. दोन अर्ध्यांची मिळून एक गाठ. दोन गाठींमध्ये मुद्दाम सोडलेला दोऱ्याचा डोळा म्हणजे पिको. साडीला पिको-फॉल करून आणतो, तोच हा शब्द, मूळचा फ्रेंच.

इथवर कुणालाही जमतं. मेख पुढे आहे. धोटा फिरला म्हणजे वळसा पडतो तो धोट्याच्या दोऱ्याचा, कारण फिरला तोच. नेमक्या त्या क्षणी डाव्या हाताची बोटं ढिली सोडायची आणि उजवीकडचा दोरा ताणून सरळ करायचा. मग डोळ्यांदेखत एक लहानशी उलटापालट होते. फिरलेला दोरा सुतासारखा सरळ होतो आणि इतका वेळ नुसता धरून ठेवलेला दोरा त्याच्याभोवती वळसा घेतो. गाठ एकावरून दुसऱ्यावर गेली. मग डावं मधलं बोट उचलून ती चिमटीपर्यंत सरकवायची. अशा सगळ्या गाठी पलीकडे गेल्या असतील तरच शेवटी दोरा ओढल्यावर रिंग मिटते. एक जरी कामाच्या दोऱ्यावर राहिली तरी सगळं तिथेच अडतं.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. ओढावी तितकी आवळत जाते ती निरगाठ, आणि ऐकते ती सुरगाठ. नाडीची सुरगाठ ओढली की सुटते. टॅटिंगमधली गाठ सुटत नाही, सरकते. तरी बाई तिला सुरगाठच म्हणतात.

आता ती रात्र. 2019 सालचा कार्तिक होता. जेवणानंतर ह्यांना छातीत जळजळ वाटायला लागली. पित्त त्यांना नेहमीचंच. मी थंड दूध दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "झोपा आता. सकाळी बघू." पहाटे साडेचारच्या सुमाराला ते गेले. अस्थी आम्ही नीरा नरसिंहपूरला, नीरा आणि भीमेच्या संगमावर सोडल्या. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे गप्प होते आणि माझ्या कानात माझेच दोन शब्द होते.

समाचाराला येणारं जवळपास प्रत्येक माणूस एकच सांगायचं: कर्ता करविता तो आहे, आपण निमित्त. मी वारकरी घरातली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं, शंभर जणांना मीही सांगितलेलं. पण त्या दहा दिवसांत ते माझ्यात उतरेना. 'सकाळी बघू' हे पांडुरंगाने म्हटलं नव्हतं. जीभ माझी होती, आवाज माझा होता. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून डोळे मिटले होते.

या वाक्याविषयी माझी तक्रार अजून गेलेली नाही आणि ती मला नीट मांडायची आहे. ज्याचं काही चुकलेलं नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य नम्रता असते. ज्याच्या हातून काही घडलं आहे, त्याला ते लपायला जागा देतं. यंत्रात हात गेलेल्या कामगाराच्या बायकोला जर कुणी सांगितलं की बाई, कर्ता करविता तो आहे, तर मी त्या बैठकीतून उठून जाईन. यंत्रावर जाळी का नव्हती हे आधी विचारायला हवं. देवाच्या नावाने कुणाचंही उत्तरदायित्व पुसलं जाऊ नये, माझंसुद्धा. मग माझ्यापुढे दुसरी वाट काय उरत होती? सगळं माझंच, हीच. त्या वाटेवर मी दोन वर्षं चालले. तिथे रोज तीच रात्र परत होते. आपण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आवळतो आणि समजतो की हा प्रामाणिकपणा आहे.

गीतेचा अठरावा अध्याय मला पाठ होता. पाठ असलेल्या गोष्टी आपण वाचत नाही. बाईंच्या त्या एका वाक्यानंतर बारामतीला घरी येऊन मी तो पहिल्यांदा वाचला म्हणायला हरकत नाही. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं दिलेली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही करतो, योग्य असो वा अयोग्य, त्यामागे ही पाच असतात, आणि असं असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. इथल्या 'केवल' शब्दावर आचार्यांचं एकमत नाही. शंकराचार्य तो आत्म्याकडे नेतात: शुद्ध, काहीच न करणाऱ्या आत्म्यावर कर्तेपण लादणारा तो अडाणी. रामानुज जीवाचं कर्तेपण नाकारत नाहीत, त्याला परमात्म्याची अनुमती लागते असं म्हणतात. माझ्यासारखीला जे थेट दिसलं ते असं, की पाचांच्या यादीत कर्ता आहे. त्याचं नाव खोडलेलं नाही. पण तो पाचातला एक आहे.

मी वहीच्या मागच्या पानावर त्या रात्रीची पाच कारणं लिहिली. अधिष्ठान: त्यांचं शरीर, बावीस वर्षांचा मधुमेह. मधुमेही माणसाला हृदयविकारात ठरलेली ती जोराची कळ येतेच असं नाही, हे मला नंतर कळलं. कर्ता: मी. करणं: माझी वाणी, त्यांचे कान, दुधाचा पेला. हालचाल: पाठीवरून फिरणारा हात, आणि न केलेला फोन. पाचवं लिहिताना पेन थांबलं, नुसतं 'दैव' लिहिलं. यादीतून माझं नाव निघालं नाही. ते निघावं असं मला वाटतही नव्हतं. पण यादी पाच ओळींची झाली.

याच सुमाराला हाताच्याही एक गोष्ट लक्षात आली. मी आतापर्यंत दोन दोरे म्हणत आले, कामाचा आणि पलीकडचा. रिंग करताना दोन दोरे नसतातच. धोट्यावरून निघालेला एकच दोरा डाव्या हाताभोवती फेरा घेतो आणि चिमटीतून पुन्हा धोट्याकडे येतो. काम करतो तोही तोच, गाठ घेतो तोही तोच. अद्वैताचा एवढा सोपा दाखला माझ्यापुढे कुणी धरला नव्हता. मी त्याचा सिद्धांत करणार नाही, दाखला म्हणजे पुरावा नव्हे. आणि तयार लेस पाहिली तर अजून एक: दिसतो तो सगळा धरून ठेवलेल्या भागाचा वळसा. ज्याने सगळी ये-जा केली तो भाग गाठींच्या पोटातून सरळ गेलेला असतो, बाहेरून दिसत नाही. तो काढून घ्या, एकही गाठ उरणार नाही.

त्या न दिसणाऱ्या दोऱ्यावरून मला कवी मोरोपंत आठवले. ते बारामतीचे म्हणून आम्ही सगळेच अभिमान बाळगतो. 1729 चा त्यांचा जन्म, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते इथे कऱ्हेकाठी राहिले आणि 1794 मध्ये गेले. वर्गात मी त्यांची ओळख करून देताना एकशे आठ रामायणांचा उल्लेख करायचे आणि त्यातल्या निरोष्ठ रामायणावर मुलं नेहमी थांबायची. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग राम कसं म्हणायचं?" म नाही म्हणजे 'राम' हा शब्दच नाही. रामाचं नाव एकदाही न उच्चारता सांगितलेलं रामायण. मी तेव्हा टीकाकारांचं ऐकून सांगितलं, की ही शब्दांची कसरत आहे, पंडिती हौस आहे. त्या मुलीची मी आज माफी मागेन. ज्या माणसाने ओळ न् ओळ ते नाव बाजूला ठेवून रचली, त्याच्या मनात ते नाव किती वेळा आलं असेल? प्रत्येक वेळी ओठांपर्यंत येऊन परत आत गेलं असेल. नाव वरून दिसत नाही आणि सगळ्या ओळी त्याच्यावरच बसलेल्या आहेत.

छंद या शब्दाकडेही मी आता वेगळ्या नजरेने पाहते. कवितेच्या मापाला आपण छंद म्हणतो, फावल्या वेळच्या आवडीला छंद म्हणतो आणि संतांना लागतो तोही हरीचा छंदच. यास्काने निरुक्तात हा शब्द झाकण्याच्या धातूशी जोडला आहे. लेस काहीच झाकत नाही. थंडीत तिचा उपयोग नाही, उन्हात नाही. फ्रेंचांनी तर टॅटिंगचं नावच फुटकळ चाळा अशा अर्थाचं ठेवलं आणि इटालियन भाषेत त्याचं नाव बडबडीवरून पडलं आहे. तरी ते सांगताना माझा स्वर हलका होऊ नये, कारण लेसचं काम नेहमी फावल्या वेळचं नव्हतं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, लोक उपासमारीने मरत होते, तेव्हा यॉल गावच्या मठातल्या एका जोगिणीने जुन्या इटालियन लेसचा तुकडा धागा धागा उसवून ती कशी केली असेल ते शोधलं आणि गावच्या मुलींना शिकवलं. पोट भरावं म्हणून. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस नेली. मारिया मीस यांनी 1982 मध्ये त्या बायकांवर पुस्तक लिहिलं, त्यातलं एक निरीक्षण मला बोचतं: दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या त्या बायकांना घरचे आणि व्यापारी रिकामा वेळ घालवणाऱ्या गृहिणी समजत, आणि म्हणून मजुरी नावापुरती. माझी आई इंदापुरात एका शिंप्याची काजं करायची, कंदिलाच्या उजेडात. सुईने लेस करतात त्याचा मुख्य टाका काजाचाच. मी आज लेस आवडीने करते आहे, तिने तो टाका डोळे दुखेपर्यंत घातला. छंदाला निष्काम म्हणायचं झालं तर आधी कुणाच्या तरी सकाम कष्टांनी आपलं पोट भरलेलं आहे, हे म्हणायला हवं.

बाई ख्रिस्ती आहेत. त्यांच्या आजीने मिशनच्या शाळेत सुई हातात घेतली होती. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना शिवण, विणकाम, छपाई शिकवली गेली, तो काळ त्या आजीच्या गोष्टींत असायचा, असं बाई सांगतात. आमच्यात देवाधर्माचं बोलणं फार होत नसे. पण एका गुरुवारी, पावसाने वीज गेलेली होती, आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो, आणि गाठी मोजता मोजता मी ते बोलून गेले. दूध, पाठीवरचा हात, सकाळी बघू. चार वर्षांत मुलालाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "किती झाल्या?"

"सात."

"डावा हात ढिला सोड. घट्ट धरलायस."

चहा झाल्यावर मात्र त्या स्वतःहून बोलल्या. त्यांच्या मते क्षमा ही मागून मिळते, आणि मिळाली की ती पूर्ण मिळते. फेडत बसावं लागत नाही. मी म्हणाले, आमच्याकडे केलेलं भोगून संपतं. त्या म्हणाल्या, "भोगतेस ना? मग संपतंय का?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही मी त्यांच्या बाजूला पूर्ण गेलेले नाही. ज्यांना क्षमा करायची ते नाहीत, मग दुसऱ्या कुणी ती कशी द्यावी, देव असला तरी? मुंडकोपनिषदात हृदयाची गाठ तुटण्याची गोष्ट आहे, परतत्त्व दिसल्यावर ती तुटते आणि कर्मं क्षीण होतात. मला ते दिसलेलं नाही. माझी गाठ तुटलेली नाही, आणि टॅटिंगची गाठ तुटली तर लेसच जाते. क्रोशाचं काम चुकलं तर एक टोक ओढून सगळं उसवता येतं, पुन्हा सुरू करता येतं. टॅटिंगमध्ये मिटलेली रिंग उघडणं महाकठीण, बहुतेकदा कात्रीच लागते. जे झालं ते झालेलंच राहतं. मला फक्त एवढं हवं होतं, की ते जागचं हलावं. माझं कर्म माझंच राहावं, पण ज्या दोऱ्याने मला पुढचं काम करायचं आहे, त्याच्यावर ते आवळून बसू नये.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या एसटीच्याच वाटेने जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. गेल्या वर्षी मी मुद्दाम उतरून उभी राहिले. दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो देवाचा. लहानपणापासून मी मोकळ्या पाठीच्याच घोड्याकडे पाहत आले, सगळेच तसं पाहतात, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. या वेळी मी स्वाराकडे पाहिलं. लगाम धरलेला, घामाघूम, वळणावर अंग झुकवणारा तो माणूस. दोघे एकाच रिंगणात, एकामागून एक, एकाच मातीवर धावत होते. मला त्यातला एक निवडावासा वाटला नाही.

या फाल्गुनातली गोष्ट. रात्री साडेअकराला मुलगा स्वयंपाकघरात आला, पाणी प्यायला आणि छाती चोळत म्हणाला, "आई, जळजळतंय गं. भेळ बाधली वाटतं. सकाळी बघू." मी देवापुढच्या आसनासाठी लेस करत बसले होते, रिंगेत नऊ गाठी झाल्या होत्या. मी धोटा खाली ठेवला आणि म्हणाले, "चप्पल घाल."

तो नको नको म्हणत होता, सूनबाईही उठून आली. मी रागावले नाही, रडले नाही, जुनं काही काढलं नाही. नुसतं दार उघडून उभी राहिले. दवाखान्यात त्याचा ईसीजी काढला, रक्त घेतलं, काही तास थांबवून पुन्हा काढला. पित्तच होतं. मी बाहेर बाकड्यावर होते. हात रिकामे होते आणि थरथरत नव्हते.

घरी आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तो लगेच झोपला. मी दिवा लावला, लेस होती तिथेच होती. दहावी गाठ घातली, डावा हात सोडला, ती गेली पलीकडे. मग दोरा ओढला.